वाचक विचारतात : पंधरा लाखांत स्पोर्ट्‌स कार घ्यावी का?

प्रश्न : पुण्यातल्या एका डीलरकडे २०१२ ची ऑडी टीटी आहे. टू-लीटर पेट्रोल, २११ पीएस, क्वाट्रो (चारही चाकांना ताकद), एस-ट्रॉनिक (ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स, ५८,००० किलोमीटर, दुसरा मालक, किंमत १५ लाख. एवढ्यात आज साधी नवी एसयूव्ही येते. गाडी चालवून पाहिली, मस्त वाटली. घेण्याआधी नक्की काय काय तपासायचं?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची, टायरची आणि मजुरीची उतरत नाही. तुम्ही १५ लाख मोजाल, पण हेडलाइट मात्र महागड्या आयात गाडीच्याच दराने येईल. म्हणून हाताशी १५ लाख असतील तर गाडी ११-१२ लाखांची बघा आणि बाकीचे पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. सगळे पैसे खरेदीतच संपणार असतील तर ही गाडी घेऊ नका.

तपासणी कागदांपासून सुरू करा. चेसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधला इतिहास काढायला सांगा. प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि किलोमीटर एका कागदावर उतरवून घ्या. २०१६ मध्ये ४९,००० आणि त्यानंतर काहीच नोंद नाही, असं दिसलं तर ५८,००० हा आकडा खरा धरू नका. किलोमीटरची नोंद फक्त डॅशबोर्डवर नसते, इतर कंट्रोल युनिटमध्ये फॉल्ट कोडबरोबरही (बिघाडाच्या नोंदींबरोबर) ती साठलेली असते. ऑडीच्या स्कॅनरवर ती वाचता येते आणि मीटर मागे फिरवणारे बरेचदा तिथपर्यंत पोहोचत नाहीत.

आता इंजिन. टीटीच्या या पिढीत टू-लीटरची दोन वेगळी इंजिनं आहेत आणि दोघांची दुखणीही वेगळी. आधीच्या २०० पीएसच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. त्यात हाय-प्रेशर फ्युएल पंपाखालचा छोटा कॅम फॉलोअर झिजतो, आणि तो वेळेवर बदलला नाही तर कॅमशाफ्टही खराब होतो. तुमच्या २११ पीएसच्या इंजिनाला चेन आहे. त्याच्या पिस्टनच्या ऑइल रिंग नाजूक आहेत, त्या कार्बनने जाम झाल्या की इंजिन ऑइल खातं. हजार किलोमीटरला अर्धा लीटर ऑइल जात असेल तर पुढचं काम म्हणजे इंजिन उघडून पिस्टन आणि रिंग बदलणं, आणि त्या खर्चानंतर व्यवहारात काही अर्थ उरत नाही. हजार किलोमीटरची चाचणी विक्रेता देणार नाही. म्हणून चारही प्लग काढून बघा. एखाद्यावर ओलसर काळं ऑइल असेल तर तिथेच थांबा. इंजिन गरम झाल्यावर दोन मिनिटं आयडलवर ठेवा आणि मग एकदम अॅक्सिलरेटर दाबा. निळसर धूर आला तर ऑइल जळतंय.

चेनचा टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग, ही दुसरी काळजी. या इंजिनांच्या आधीच्या टेन्शनरमध्ये ऑइलचा दाब नसताना चेन सैल पडते. ती एका दाताने जरी सरकली तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. म्हणून गाडी पूर्ण थंड असतानाच बघायला जा, शक्यतो सकाळी, आणि आधी सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून खात्री करा. स्टार्ट करताच दोन-तीन सेकंद खडखड आली तर टेन्शनर आणि चेनचा पूर्ण संच बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. आधी बदललेला असेल तर बिल मागा, तोंडी आश्वासनावर राहू नका.

गिअरबॉक्स सहा गिअरचा, ऑइलमध्ये बुडालेल्या दोन क्लचचा आहे. त्याचं ऑइल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ४५,००० लाच बदललेलं बरं. ५८,००० ची गाडी म्हणजे हे काम उंबरठ्यावर आलंय, त्याचं बिल नसेल तर खर्च तुमचा. ऑइलची पातळी ते ३५ ते ४५ अंश सेल्सिअसला असतानाच मोजतात. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये हे नीट होत नाही. चालवताना पहिल्यातून दुसऱ्यात आणि रिव्हर्सला टाकताना धक्का येतो का ते बघा. आयडलवर गिअरबॉक्सच्या बाजूने खुळखुळ आली तर ड्युअल-मास फ्लायव्हील झिजलंय. क्वाट्रोच्या मागच्या हॅल्डेक्स कपलिंगचंही ऑइल वेगळं असतं आणि ते बहुतेक मालक विसरतात.

बॉडीकडे मात्र फार बारकाईने बघा. या टीटीचा सांगाडा मिश्र आहे : पुढचा बराचसा भाग अॅल्युमिनिअमचा, मागचा पोलादी. बॉनेट, पुढची फेंडर आणि छत अॅल्युमिनिअमचं, दरवाजे आणि डिकीचं झाकण पोलादी. त्यामुळे लोहचुंबक लावून पुट्टी शोधायची जुनी युक्ती इथे चालणार नाही. दोन्ही धातूंवर चालणारं पेंट-मीटर आणा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, ३०० च्या वर आकडा गेला की त्या जागी डेंटिंग-पेंटिंग झालंय. नुसतं खरचटल्यामुळे केलेला रंग चालेल. पण पुढच्या अॅल्युमिनिअम भागावर साध्या डेंटरने काम केलेलं असेल तर ती गाडी सोडा. पोलादासाठी वापरलेली अवजारं अॅल्युमिनिअमला लावली की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि रंगाखाली गंज सुरू होतो. चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, कुठे घासलाय का, हे गाडी लिफ्टवर घेतल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडच्या गतिरोधकांवर या गाड्यांचा पोटाचा भाग हमखास लागतो.

शेवटी स्कॅनर. फॉल्ट कोड नाहीत, एवढ्यावर समाधान मानू नका. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते दाखवणाऱ्या नोंदी, बघा. ते 'अपूर्ण' दाखवत असतील तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. अशा वेळी शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करू द्या म्हणावं. नाही म्हटलं तर त्यातच उत्तर मिळालं.

प्रश्न : अशा जुन्या गाडीला फुल इन्शुरन्स घेतला की अपघाताची चिंता मिटते का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. गाडीची आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, १२ लाख धरू. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे ९ लाखांवर गेला की कंपनी ती गाडी टोटल लॉस (पूर्ण बाद) धरते. साध्या हॅचबॅकला एवढा खर्च यायला गाडीचा चक्काचूर व्हावा लागतो. इथे दोन एअरबॅग, एक झेनॉन हेडलाइट, बंपर, रेडिएटर, कंडेन्सर आणि बॉनेट एवढ्यातच आकडा तिथे जातो. बाहेरून बऱ्या दिसणाऱ्या स्पोर्ट्‌स गाड्या म्हणूनच टोटल लॉसमध्ये निघतात, स्वस्तात कुठेतरी जोडल्या जातात आणि पुन्हा बाजारात येतात. गाडीच्या क्लेमचा इतिहास मागायचा तो याच कारणाने.

शिवाय झीज-वजावट. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरीवर ५० टक्के रक्कम तुमच्या खिशातून जाते. धातूच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि दहा वर्षांपुढे ५० टक्के. झिरो-डेप, म्हणजे ही वजावट न करण्याचं कलम, बहुतेक कंपन्या पाच-सात वर्षांपलीकडच्या गाडीला देत नाहीत. पावसाच्या पाण्यात इंजिन बंद पडून आत पाणी ओढलं गेलं तर ते नुकसान साध्या पॉलिसीत येत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं लागतं. आणि विक्रेत्याचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. मालकी बदलल्यावर १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्या. तोवर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो.

प्रश्न : मुंबईत २००७ ची पोर्शे बॉक्स्टर १७ लाखांना मिळतेय, मॅन्युअल, २.७ लीटर. 'बेअरिंग फुटतं' असं सगळे घाबरवतात. खरं काय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : भीती खरी आहे, पण ती अर्धवट सांगितली जाते. २००८ पर्यंतच्या बॉक्स्टरच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्ट असतो आणि त्याच्या एका टोकाला सीलबंद बेअरिंग. ते तुटलं की त्याचे तुकडे इंजिनभर फिरतात आणि इंजिन जातं. जुन्या गाड्यांमध्ये हे बेअरिंग लहान होतं आणि तेच जास्त बदनाम झालं. तुम्ही पाहताय त्या वर्षाच्या गाडीत ते मोठ्या आकाराचं आहे आणि बरंच कमी वेळा फुटतं. अडचण दुसरी : लहान बेअरिंग क्लच काढला की बाहेरून बदलता येतं, मोठं बदलायला इंजिनाचे दोन भाग वेगळे करावे लागतात. म्हणजे 'आधीच बदलून टाकू' हा मार्ग इथे परवडणारा नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही, म्हणून त्या गाड्यांची किंमत टिकून आहे.

मग करायचं काय? ऑइल फिल्टर काढून त्याचा कागद कापून पसरवा. चमकणारे कण दिसले आणि त्यातले काही लोहचुंबकाला चिकटले तर गाडी घेऊ नका. पोर्शेच्या स्कॅनरवर ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे फिरल्याची, नोंद काढा. सहा टप्पे असतात. पहिल्या दोन टप्प्यांत आकडे असणं स्वाभाविक आहे. चौथ्या ते सहाव्या टप्प्यात नोंद म्हणजे कोणीतरी चढत्या वेगात चुकीचा खालचा गिअर टाकून इंजिन मर्यादेपलीकडे फिरवलंय. ते किती तासांपूर्वी झालं हेही तिथे दिसतं. त्यानंतर गाडी शेकडो तास सुखरूप चालली असेल तर धोका कमी, नुकतंच झालं असेल तर नको.

पुढच्या बंपरच्या जाळ्यांमध्ये टॉर्च मारून बघा. रेडिएटर आणि एसी कंडेन्सर तिथे असतात, पानं आणि कचरा साठून ओल धरते आणि ते कुजतात. पावसाळी हवेत तर अधिकच. स्टार्ट करताना पांढऱ्या धुराचा मोठा लोट आला तर एअर-ऑइल सेपरेटर (हवेतलं ऑइल वेगळं करणारा भाग) गेलाय. हा भाग बदलता येतो, त्यावरून गाडी नाकारू नका, भाव कमी करा.

आरसीची तारीख विसरू नका. २००७ च्या गाडीची पंधरा वर्षं २०२२ ला संपली, नूतनीकरण झालेलं असायलाच हवं आणि ते पाच वर्षांचंच असतं. आयात गाडीला पंधरा वर्षांपुढच्या नूतनीकरणाचं शुल्क ४०,००० रुपये आहे आणि वीस वर्षांपुढे ८०,०००. पर्यावरण कर वेगळा. तुमच्या हातात गाडी येताच पुढचं नूतनीकरण समोर उभं असेल.

प्रश्न : दिल्ली पासिंगची मर्सिडीज एसएलके इथल्यापेक्षा साडेतीन लाखांनी स्वस्त आहे. आणावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : साडेतीन लाख वाचतील असं धरू नका. दिल्लीत पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर हरित न्यायाधिकरणाच्या आदेशाने बंदी आली तेव्हापासून तिथल्या गाडीचा भाव लवकर पडतो. पण महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथे नव्याने नोंदणी लागते, आणि रोड टॅक्स मूळ किमतीवर, वयानुसार घट धरून, पुन्हा भरावा लागतो. आयात गाडीला आणि कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीला दर जास्त असतो. आरटीओत गाडीचं मूळ बिल दाखवून कराचा आकडा आधी काढून घ्या, मगच भाव करा.

दिल्लीच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या सह्या, कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, थकलेली चलनं शून्य, हे सगळं बघा. गाडी परदेशातून कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या करमुक्त प्रवेशाच्या कागदावर, आलेली असेल तर ती इथे विकताच येत नाही, कितीही स्वस्त मिळो.

प्रश्न : बजेट तेवढंच, वेग हवा, पण एवढी डोकेदुखी नको. पर्याय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस बघा. २३० पीएस, चार माणसं आणि सामान मावतं, बरेच भाग साध्या ऑक्टाव्हियाशी आणि सुपर्बशी जुळतात, त्यामुळे कोल्हापुरातही ती उघडणारा मेकॅनिक सापडेल. एकच धोका मोठा आहे. यातल्या अनेक गाड्या रिमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या, असतात. कंपनीचा टॉर्कच ३५० न्यूटन-मीटर आहे आणि गिअरबॉक्सची मर्यादाही तेवढीच. रिमॅपनंतर क्लच मर्यादेबाहेर काम करतात. विकण्याआधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकलेलं असू शकतं, म्हणून एअर फिल्टरचा डबा, डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) आणि टर्बोचे पाइप मूळचेच आहेत का ते बघा. चौथ्या गिअरमध्ये, मॅन्युअल मोडवर, २,००० आरपीएमपासून पूर्ण अॅक्सिलरेटर दाबा. काटा वर पळाला आणि गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढला नाही तर क्लच घसरतोय. टायरवरचा चार अंकी आकडाही वाचा : ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. सहा वर्षं उलटली असतील तर खाचांची खोली कितीही शिल्लक असो, चारही टायरचा खर्च किमतीत धरा.