फळ्यावर नंबर माझा, स्कूटर दुसऱ्याला

प्रश्न : वकीलताई, दिवाळीत तालुक्याच्या गावी फ्रीज घेतला. बिलासोबत सोडतीचं कूपन मिळालं. पाडव्याला सोडत झाली. दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेरच्या फळ्यावर पहिल्या बक्षिसापुढे माझाच नंबर! आत गेलो तर मालक म्हणाले, ‘तुम्ही हजर नव्हता, स्कूटर पुढच्या नंबराला दिली. बक्षीस म्हणजे खुशीचा मामला, त्यावर हक्क कसला?’ कूपनवर हजेरीची अट नाही. मेहुणे म्हणतात, लॉटरी म्हणजे जुगार, कोर्ट दारात उभं करणार नाही. खरं काय?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : आधी मेहुण्यांचं बघू. करार कायदा, १८७२ च्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल, हे खरं. पण पैजेत एक हरला तरच दुसरा जिंकतो. तुम्ही पणाला काय लावलंत? पैसे मोजले फ्रीजचे, आणि फ्रीज घरी आला.

मालकांची ‘खुशी’ मला फारच आवडली! खुशीनेच द्यायचं होतं तर दुकानावर फ्लेक्स कशाला? ‘खरेदी करा, सोडतीत भाग घ्या’ हा प्रस्ताव. अट पुरी केलीत की कलम ८ प्रमाणे तो स्वीकारला गेला. इंग्लंडात कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीनेही जाहिरातीत १०० पौंड कबूल करून नंतर हात वर केले होते. १८९२ साली अपील कोर्टाने ते द्यायला लावले. हजेरीची अट सोडतीनंतर सुचली असेल तर ती तुम्हाला लागू नाही. मात्र कूपनची मागची बाजू आणि फ्लेक्स नीट वाचा. बारीक अक्षरात ती छापलेली निघाली तर तुमची बाजू लंगडी पडेल.

एक मेख आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ विक्री वाढवण्यासाठी सोडत काढणं हीच अनुचित व्यापारी प्रथा मानतो. समोरचा वकील म्हणेल, योजनाच बेकायदा, मग बक्षीस कसलं? म्हणून तक्रारीत स्कूटर मागाच, पण पर्यायी मागणी म्हणून तिची किंमत आणि नुकसानभरपाईही लिहा. स्कूटरच मिळेल याची हमी मी देत नाही.

बिलाची झेरॉक्स आजच काढा, त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं उडतात. फळ्याचा फोटो घेतलाय ना? पंधरा दिवसांची लेखी नोटीस पाठवा, मग तुमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत दोन वर्षं.

मालक तडजोडीला आले तर ‘आधी कर भरा’ म्हणतील. ते खोटं नाही, अशा बक्षिसावर ३० टक्के कर लागतो. पण तो तुमच्या पॅनवर भरल्याचा कागद दाखवल्याशिवाय रोख रुपयाही देऊ नका.