मनसरजवळ मॅगनीज खाणीशेजारी प्लॉट घ्यावा का? बोअरच्या पाण्यानं बादल्या काळ्या पडतात, घरात आठ महिन्यांचं बाळ आहे

माझं बालपण कांद्रीच्या खाणीजवळ गेलं, बाबा खाणीतच होते. आता नागपुरात पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो. तुम्ही पाण्याचं विचारलंय, पण मी तुमच्या जागी असतो तर आधी धूळ बघितली असती. पाण्याचा बंदोबस्त करता येतो.

तरी पाण्याचं सांगतो. विरघळलेलं मॅगनीज दिसत नाही. बोअरमधून पाणी नितळ येतं, हवा लागली की तळाशी काळा साका बसतो. आमची आई टाक्यात ब्लीचिंग पावडर टाकायची आणि पाणी शाईसारखं व्हायचं. ती दुकानदाराला शिव्या घालायची, पावडर भेसळीची म्हणून. पावडर चांगलीच होती, क्लोरीननं मॅगनीज भराभर बाहेर पडतं एवढंच. म्हणून डाग बघून घाबरू नका, आणि डाग नाहीत म्हणून निर्धास्तही राहू नका. भारतीय मानकात मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर ०.३. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ०.०८ सुचवलं, तेही बाटलीचं दूध पिणारी बाळं डोळ्यासमोर ठेवून. बाळाचं शरीर मॅगनीज शोषतं जास्त आणि बाहेर टाकतं कमी. उकळून ते जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. आरओनं जातं. नमुना देताना अर्जावर ‘मॅगनीज’ असं वेगळं लिहा. नुसतं ‘पिण्यायोग्य आहे का’ विचारलं तर जंतू आणि क्षार बघून रिपोर्ट हातात ठेवतात.

आता धूळ. मॅगनीज शरीराला थोडं लागतंच. गव्हात असतं, चहात तर भरपूर, आणि आपण नागपूरकर चहा किती पितो ते सांगायला नको. पोटातून गेलेलं जास्तीचं मॅगनीज यकृत बाहेर काढतं. श्वासातून गेलेलं यकृताला चुकवून मेंदूपर्यंत पोचतं. ग्लासगोत १८३७ मध्ये जॉन कूपर या डॉक्टरनं हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला. त्याचे रोगी मॅगनीज दळणारे कामगार होते, आणि दळण कशासाठी चालायचं, तर ब्लीचिंग पावडर करायला!

आमच्या घरांच्या ओळीत एक काका होते, क्रशरवर काम करायचे. चवड्यांवर चालायचे, कारण नसताना हसायचे. दारातून एक पाऊल मागे घेतलं की उताणे पडायचे. सगळे म्हणायचे, दारू. ते सुपारीसुद्धा खात नव्हते. मागे चालता न येणं हे या आजाराचं ठळक लक्षण आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हाच्या खाण कायद्यात मॅगनीजची विषबाधा कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत होती, पण काकांच्या कागदांवर तो शब्द कधी आला नाही.

गावात राहणाऱ्याला क्रशरवाल्याइतकी धूळ लागत नाही, हेही खरं. पण दगडात गारगोटी असते, तिची बारीक धूळ फुप्फुसात बसते. आणि रस्त्याचा त्रास खाणीपेक्षा जास्त, ताडपत्री न टाकता टिप्पर पळतात तिथे तर विचारूच नका. जुन्या ढिगाऱ्यांवर झाडं लावून धूळ धरता येते. गुमगावच्या मॅगनीज ढिगाऱ्यांवर नीरी या नागपूरच्या पर्यावरण संशोधन संस्थेनं साखर कारखान्याची मळी आणि मुळांना धरणारे जीवाणू वापरून ते करून दाखवलंय.

तिथे राहायला गेलातच तर ग्रामसभेत जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा विषय काढा. २०१५ पासून खाणवाल्यांना रॉयल्टीवर वेगळी रक्कम त्यात भरावी लागते, आणि पिण्याचं पाणी व आरोग्य हे त्यातले पहिल्या मानाचे खर्च. गावाला शुद्ध पाण्याचा प्लांट यातून मागता येतो.

प्लॉट पावसाळ्यात बघू नका, तेव्हा सगळं हिरवंगार दिसतं. एप्रिलमध्ये दुपारी जा. शेजारच्या कडुनिंबाच्या पानावर बोट फिरवा आणि वाळत घातलेली पांढरी बनियन कुणाच्या अंगणात दिसते का बघा. आमच्या ओळीत पांढरं कुणी बाहेर वाळत घालत नसे.