मुरेनला चालतच चढ

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

आल्प्समध्ये एकच दिवस मिळणार आहे, कुठे जाऊ, असं विचारलंस. स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुनेन गावाहून वरच्या मुरेन गावाला जा. फक्त चढताना केबलकार घेऊ नकोस. केबलकारने काही मिनिटांत वर गेलं की फोटो मिळतात, पण त्या उंचीवर माणसं जगली कशी हे कळत नाही.

लाउटरब्रुनेन साधारण ८०० मीटरवर आहे आणि मुरेन १६३८ मीटरवर, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या माथ्याएवढं. विरळ हवेची धास्ती नको. सकाळी लवकर निघ, कारण उन्हाळ्यात दुपारनंतर विजांचं वादळ येऊ शकतं. पहिला दीड तास सपाट आहे. दोन्ही बाजूंना सरळसोट कडे, आणि उजवीकडे जवळजवळ ३०० मीटरवरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा. इथे रेंगाळू नकोस, खरी चढण दरीतल्याच श्टेखेलबर्ग गावापासून सुरू होते.

वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते, आणि ती न थांबता चालणाऱ्याची. तू त्यात निम्मी आणखी धर. दगडाझाडांवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसत राहिला की डोंगरवाट चुकलेली नाही.

जंगल संपलं की १३६३ मीटरवर गिमेलवाल्ड गाव लागतं. इथे मात्र घाई करू नकोस. उन्हाने काळपट पडलेली लाकडी घरं, गोठे, आणि घरांच्या भिंतींना लागून नीट रचलेला सरपणाचा ढीग. मध्ययुगात लोक पलीकडच्या लोएचेन दरीतून बर्फाळ खिंडी ओलांडून या भागात येऊन राहिले. इथले उतार एवढे तीव्र आहेत की अजूनही काही ठिकाणी गवत हाताने दाताळ्याने ओढून गोळा करावं लागतं. हिवाळ्यात गोठ्यातल्या गाईंना तेच घालायचं असतं. म्हणून एक गोष्ट पक्की पाळ: वाट सोडून कुरणात पाऊल टाकायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. तुला ते नुसतं हिरवं गवत दिसेल, त्यांचा तो हिवाळ्याचा चारा आहे. कुंपणाचं फाटक उघडलंस तर लगेच लावून घे.

पुढे मुरेन पाऊण तासावर. गावात मोटारी नाहीत. १८९१पासून रेल्वे आहे, पण ती डोंगराच्या कडेने ग्र्युत्शाल्पपर्यंतच जाते. खाली दरीत उतरायला तिथून केबलकार. मुरेनसमोर आयगर, म्योन्श, युंगफ्राउ ही शिखरं. गप्प बसून बघ.

परतताना रुळांशेजारच्या वाटेने ग्र्युत्शाल्पपर्यंत चाल, मग खुशाल केबलकारने उतर, गुडघे वाचतील. तिची शेवटची वेळ सकाळीच बघून ठेव. फोनमध्ये १४१४ हा हवाई बचावाचा नंबरही असू दे. एकट्याने निघणार असशील तर कुठल्या वाटेने जातोय हे कुणाला तरी सांगून जा, आणि खाली पोचल्यावर मला कळव.

तुझा,
काका