गाडीत हवेचा कॉम्प्रेसर बसवताना

भावा, हवा साठवायची टाकी-बिकी नंतर बघू. चार टायर फुगवायला 12 व्होल्टचा दणकट कॉम्प्रेसर बास. लायटरच्या सॉकेटवर मात्र चालवू नको, मोठा कॉम्प्रेसर 30 अँपिअरच्या आसपास ओढतो, तिथला फ्यूज उडणारच. जाड वायर थेट बॅटरीवरून घे, फ्यूज प्लस टर्मिनलला लागूनच टाक आणि हवा भरताना इंजिन चालू ठेव.

जागा सगळे बोनेटखालीच सुचवतील. पण आपल्या सोलापूरचा मे महिना, त्यात इंजिनची धग. दुसऱ्या-तिसऱ्या टायरलाच थर्मल कटऑफ पडतो, म्हणजे कॉम्प्रेसर तापून आपोआप बंद होतो. मागच्या सीटखाली बसव. आवाज होईल, होऊ दे. फिल्टर झटकत जा, काळ्या रानातली धूळ पिठासारखी बसते. कॉम्प्रेसरमधून निघणारी पहिली नळी स्टीलच्या जाळीचीच घे, साधी रबरी तापून फुटते.