साहेब, तेवढं लिहून द्या

प्रश्न : मी तहसील कार्यालयात महसूल सहायक आहे. साहेब तोंडी सांगतात, "हे प्रकरण आजच पुढे पाठव." वरून विचारणा झाली की "मी कुठे सांगितलं?" म्हणून हात झटकतात. बोलायला जावं, तर गोपनीय अहवाल खराब करतील.

उत्तर : बोलायला जाऊच नका, टिपणी लिहा. वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी घ्यावा, तोंडी मिळाला तर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यावा, असं महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्येच आहे. तेव्हा ही आगळीक ठरत नाही. शब्द मात्र जपून वापरा. "आपण तोंडी सांगितलंत म्हणून" असं लिहिलंत की भांडण सुरू. "आज झालेल्या चर्चेतील निर्देशानुसार प्रकरण मान्यतेस्तव सादर" एवढं लिहा, तारीख घाला आणि नस्ती (म्हणजे फाइल) आत पाठवा. सही झाली तर उत्तमच. सही न होता परत आली, तरी टिपणी नस्तीत राहतेच. पानांना क्रमांक असले की मधलं पान काढायला सहसा कुणी धजत नाही. (क्रमांक घातले नसतील, तर आधी ते काम करा.)

अहवालाचं म्हणाल, तर त्यातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त प्रकरणात सांगितलं. प्रत मागा आणि शेरा पटला नाही तर मुदतीत अभिवेदन, म्हणजे आपलं लेखी म्हणणं, द्या. पूर्वी शेरा दिसायचाच नाही, निम्मा धाक त्याचाच होता.

प्रश्न : चाकणला कारखान्यात आहे. सुपरवायझर शिफ्ट सुटताना पंच मारायला लावतो आणि मग टार्गेटसाठी तास-दीड तास लाइनवर थांबवतो. नाही म्हटलं, तर "उद्या गेटवर थांब" म्हणतो.

उत्तर : तिरसट स्वभाव एक वेळ सोसता येतो, पण हे तुमच्या पगारातून पैसे काढणं झालं. जादा तासांना दुप्पट दर हे १९४८ च्या कारखाने अधिनियमात होतं आणि नव्या कामगार संहितेतही आहे. खिशात लहान वही ठेवा. तारीख, पंच किती वाजता मारला, लाइन कधी सोडली, शेजारी कोण होतं. हे त्याच दिवशी लिहा. नोकरीत असताना मी अशा बऱ्याच वह्या पाहिल्या. महिनाअखेरीला एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेली वही लगेच ओळखू येते. तेलाचे डाग पडलेल्या, चार रंगांच्या शाईतल्या वहीवर समोरचाही फार वाद घालत नाही.

मग चार-पाच जण मिळून एचआरला अर्ज द्या आणि पोहोच घ्या. एकटे जाऊ नका. तिथे दाद लागली नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. कंत्राटी असलात आणि कंत्राटदाराने पैसे दिले नाहीत, तर ते देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

प्रश्न : आम्ही दुकानात सहा जणी काम करतो. मालकच वर देखरेखीला असतो आणि अंगचटीला येतो. तक्रार करायची तरी कुणाकडे?

उत्तर : जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने हीच वाट ठेवली आहे. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत लेखी द्या. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्यावर विसंबू नका. "त्यांचा स्वभावच तसा आहे" म्हणणाऱ्यांना सध्या चार हात लांब ठेवा.

प्रश्न : नुकताच सुपरवायझर झालो. कालपर्यंत एका डब्यात जेवणारे आता मी आलो की गप्प होतात. मी खडूस झालोय का?

उत्तर : थोडे झाला असाल. चूक दाखवायची असेल तर माणसाला बाजूला घेऊन सांगा, मशीनच्या आवाजावर ओरडून नव्हे. शिफ्टच्या सुरुवातीला कुणाचं काय काम ते फळ्यावर लिहा, दिवसभरातली निम्मी कटकट तिथेच वाचेल. आणि आपुलकी दाखवायला म्हणून लगेच त्यांच्यात डबा घेऊन बसू नका. थोडे दिवस जाऊ द्या, हाक मारतील.