'आमची ऋणे आम्हांस सोड' : 'माफ कर' का नाही?

या सदरात रविवारची शाळा घेणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या लिहितात : "प्रभूच्या प्रार्थनेत आपण 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड' असं म्हणतो. माझ्या वर्गातल्या चौथीच्या मुलाने विचारलं, 'टीचर, मग देव आमच्या बाबांचं ऑटोचं कर्ज सोडणार का?' मुलं हसली आणि मला उत्तर सुचलं नाही. इथे सरळ 'पापांची क्षमा कर' असं का नाही? 'सोड' म्हणजे 'माफ कर'च ना? मुलांना शिकवताना शब्द बदलला तर चालेल का?"

ताई, त्या मुलाने शब्द जसा आहे तसा ऐकला. आपण मोठे तो इतक्या वेळा म्हणतो की ऐकायचं राहूनच जातं.

आधी 'ऋण'. येशूने शिष्यांना शिकवलेली ही प्रार्थना बायबलच्या नव्या करारात मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तिथे सहाव्या अध्यायात मूळ ग्रीक शब्द आहे 'ओफेइलेमा', म्हणजे देणं, घेतलेलं आणि अजून न फेडलेलं. मराठी भाषांतरकारांनी पदरचं काही घातलेलं नाही, उलट ते मूळ शब्दाला धरून राहिले. येशू बोलायचा ती अरामी, आणि अरामीत 'होबा' या एकाच शब्दाचा अर्थ कर्जही होतो आणि पापही. ज्या माणसाच्या भाषेतच पाप आणि देणं एका शब्दात राहतात, त्याला ही प्रार्थना समजावून सांगावी लागली नसेल. लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात तीच प्रार्थना येते तेव्हा तिथे पहिल्या अर्ध्यात 'पापे' आहे, पण दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा देणेकरी डोकावतोच.

आणि हे काही परक्या मुलखातलं नवल नाही. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात वरुणाला विनवणी आहे, 'पर ऋणा सावीरध मत्कृतानि', मी केलेली ऋणं दूर कर. पुढे लगेच म्हटलंय की दुसऱ्याने केलेल्याचं मला भोगायला लावू नकोस. तिथेही ऋण म्हणजे नुसता पैसा नाही. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण हे तर आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. म्हणजे 'ऋण' हा शब्द निवडला तेव्हा भाषांतरकारांच्या हाताशी असा शब्द होता, ज्यात हा दुहेरी अर्थ आधीपासून मुरलेला होता. पुढे ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला, आणि त्यांना सगळ्यात आधी ज्याने धरून ठेवलं ते येशूचं डोंगरावरचं प्रवचन. ही प्रार्थना त्याच प्रवचनात आहे. संस्कृतात मुरलेल्या त्या कवीला 'ऋण' शब्दापाशी अडखळावं लागलं नसणार, असं मला वाटतं.

मग काही जण या ओळीत 'ऋणे'ऐवजी 'अपराध' म्हणतात, तो शब्द कुठून आला? मत्तयाच्या त्याच अध्यायात, प्रार्थना संपल्यावर चौदाव्या ओवीत येशू स्वतःच उलगडून सांगतो की तुम्ही लोकांच्या अपराधांची क्षमा केली तर तुमचा पिताही तुम्हांला क्षमा करील. अर्थ कळावा म्हणून पुढचा शब्द मागे नेऊन प्रार्थनेत बसवायची पद्धत जुनी आहे. इंग्रजीत अँग्लिकन पंथाचे लोक 'ट्रेसपासेस', म्हणजे अपराध, म्हणत आले आणि स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन पंथाचे लोक 'डेट्स', म्हणजे ऋणे. आपल्या नागपुरात तर या दोन्ही वाटा येऊन मिळाल्या. १८४५ साली इथे आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तीही इथेच, नागपुरात. त्या दिवशी जे सहा पंथ एक झाले त्यांत अँग्लिकन होते आणि प्रेस्बिटेरियन परंपरेची मंडळीही होती. तुमच्या वर्गातली कॉन्व्हेंटमध्ये जाणारी मुलं शाळेत 'ट्रेसपासेस' आणि चर्चमध्ये 'ऋणे' म्हणत असतील, तर त्यांच्या गोंधळामागे हा एवढा इतिहास आहे.

'ऋण' शब्दाची एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती आपल्या मराठीतच तयार झाली आहे. आज आपण ऋण कुठे वापरतो? आभाराच्या भाषणात. 'मी आपल्या ऋणात राहू इच्छितो', 'ऋणानुबंध', 'आईचं ऋण फेडता येत नाही'. शब्द गोड झाला आहे. फेडायचं, टोचणारं, महिन्याच्या महिन्याला दारात उभं राहणारं जे असतं त्याला आपण 'कर्ज', 'देणं', 'उधारी' म्हणतो, आणि शेजारच्या काकूंकडून घेतलेल्याला 'हातउसने'. त्यामुळे 'आमची ऋणे सोड' हे मुलांच्या कानाला थोडं धूसर लागतं. गंमत अशी की प्रेषित पौल नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात हा गोड अर्थही वापरतो : एकमेकांवर प्रीती करणे ह्याशिवाय कोणाच्या ऋणात राहू नका. एक ऋण असं, की ज्यातून मोकळं व्हायचंच नाही. मराठी वाचकाला ही ओळ जितकी सहज लागते तितकी ती फार थोड्या भाषांत लागत असेल.

आता 'सोड'. माझं सगळं मन या शब्दावर आहे.

मराठीत राग कसा असतो बघा. आपण राग धरतो, डूख धरतो, आकस धरतो, मनात धरून बसतो. 'तिने ते अजून धरून ठेवलंय' म्हटलं की काय धरलंय ते सांगावं लागत नाही. आणि सूड घ्यायचा असेल तर? 'तुला सोडणार नाही.' बर्डीच्या बसस्टॉपवर दोन पोरं भांडली तरी शेवटचं वाक्य हेच असतं. म्हणजे मराठी माणसाच्या तोंडी क्षमेच्या नेमकं उलट जे आहे ते 'क्षमा करणार नाही' असं येतच नाही, 'सोडणार नाही' असं येतं. मग क्षमेला 'सोडणे' म्हणणं हे पुस्तकी भाषांतर कसं होईल? ते आपल्या भांडणाच्या भाषेतूनच उचललेलं आहे.

ग्रीक क्रियापद 'आफिएमी' म्हणजे जाऊ देणे, हातातून सोडणे. योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू शिष्यांना पापांविषयी सांगतो तेव्हा दोन क्रियापदं समोरासमोर ठेवतो, एक हे, आणि दुसरं 'क्रातेओ', म्हणजे घट्ट धरणे. सोडणे आणि धरणे. जी जोडी आपल्याकडे बोलीत आहे, तीच तिथे आहे. लूकच्या चौथ्या अध्यायात नासरेथच्या सभास्थानात येशू यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचतो, तिथे धरून नेलेल्यांची सुटका आणि ठेचले गेलेल्यांना सोडवून पाठवणं, दोन्हीकडे याच क्रियापदाचं नाम आहे. सुटणे, सोडणे, सोडवणे या तिन्हींचं मूळ एकच असल्याने मराठीत हे नातं कानाला ऐकू येतं. 'माफ'मध्ये ते ऐकू येत नाही.

आणि एक गोष्ट, जी मला अनेक वर्षं माहीत नव्हती. वधस्तंभावरची येशूची ती हाक, 'एलोई, एलोई, लमा सबख्थनी', म्हणजे 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस', यातलं क्रियापद अरामी 'शबक' आहे. सोडून जाणे, टाकून देणे. सिरियाक या अरामीच्याच एका बोलीतल्या जुन्या भाषांतरात प्रभूच्या प्रार्थनेत 'ऋणे सोड' म्हणायला हेच क्रियापद वापरलं आहे. म्हणजे 'आमची ऋणे सोड' आणि 'तू मला का सोडलंस' यांत एकच शब्द. मराठीतही एकच शब्द. हे कळलं त्या शुक्रवारी मी चर्चमध्ये नेहमीसारखं उभं राहून म्हणू शकलो नाही.

'क्षमा' आणि 'माफी' हे दोन्ही चांगले शब्द आहेत, पण त्यांचं काम वेगळं. 'क्षमा' ज्या 'क्षम्' धातूपासून आला त्याचा अर्थ सहन करणे. त्यात सोसणारा दिसतो, सुटणारा दिसत नाही. 'माफी' अरबीतून आलेला शब्द, आणि तो वरून खाली येतो. फी माफ, शिक्षा माफ, कर्जमाफी. विदर्भात कर्जमाफी म्हणजे काय हे कोणाला सांगायला नको. २००८ ची केंद्राची, २०१७ ची दीड लाखापर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची. दरवेळी पारावर एकच प्रश्न, नाव यादीत आलं का. माफीला निकष असतात, मर्यादा असते, कटऑफ तारीख असते. येशूचा शिष्य पेत्र, त्यालाही तशीच मर्यादा हवी होती. भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? उत्तर आलं, साताच्या सत्तर वेळा.

त्या उत्तरापाठोपाठ जो दाखला आहे तो ऑटोवाल्या मुलाला जरूर सांगा, आणि आकडे मांडून सांगा. एका दासाचं देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची रोजी. म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. रोज पाचशे रुपये धरले तर तीन हजार कोटी. राजाने ते सोडलं. तोच दास बाहेर पडला आणि त्याला शंभर दीनार देणं असलेला सोबती दिसला. शंभर दिवसांची रोजी, पन्नास हजार. हे शंभर दीनार चिल्लर आहेत असं बऱ्याच उपदेशांत म्हणतात, ते मला पटत नाही. ज्याला महिनाअखेरीस हप्ता भरायचा आहे त्याला पन्नास हजार काय असतात ते विचारा. आपलं जे नुकसान झालं ते खरंच झालेलं असतं, दाखला ते नाकारत नाही. पण मूळ कथेत बघा, राजा सोडतो, आणि दास बाहेर येऊन पहिलं काय करतो, तर सोबत्याला धरतो आणि त्याचा गळा दाबतो. पुन्हा तीच जोडी.

माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. घराच्या वाटणीत तिने तिचा हिस्सा भावांच्या नावे केला. त्या कागदाला आपल्याकडे हक्कसोडपत्र म्हणतात. सही करून बाहेर आल्यावर ती माझ्या वडिलांना म्हणाली, "कागदावर सोडलं रे दादा, मनातून सोडाले टाइम लागन." पुढची काही वर्षं ती सणाला आली, जेवली, पण माडीवर कधी चढली नाही. मग एका नाताळात ती आपणहून वर गेली, गच्चीत वाळत घातलेले कपडे काढून घड्या करून खाली आणले. कोणी काही बोललं नाही. 'हक्क सोडणे' या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला. तिचा हक्क होता. तो खोटा नव्हता म्हणूनच सोडता आला.

'सोडलं' म्हणजे 'झालंच नाही' असं मात्र नव्हे. घरात मार खाणाऱ्या बाईला 'तू ऋण सोड' म्हणून परत त्याच घरात पाठवणाऱ्यांनी हा शब्द वापरू नये. देणं आहे हे आधी मान्य व्हावं लागतं, तेव्हाच ते सोडता येतं. जे झाकलं ते सोडलेलं नसतं.

काळही बघा. मत्तयात 'सोडले आहे' हा झालेला काळ आहे, लूकमध्ये 'क्षमा करतो' असा चालू. मराठी भाषांतरांनी हा फरक जपला आहे, त्याबद्दल मला त्यांचे आभार वाटतात. मत्तयाची ओळ म्हणताना आपण देवासमोर सांगत असतो की आमच्याकडचं काम झालं आहे. मी कधी कधी 'सोडले आहे'पाशी थांबतो आणि कोणाचं सोडलेलं नाही ते आठवतं. रोजची भाकर आणि रोजचं सोडणं प्रार्थनेत पाठोपाठ आहेत, दोन्ही त्या त्या दिवसाचं. कालची सोडवणूक आजच्या भांडणाला पुरत नाही.

तेव्हा ताई, शब्द बदलू नका. 'ऋणे' मुलांना जड जात असेल तर समजावताना 'देणं' म्हणा, 'देव आपलं देणं सोडतो'. मराठीत 'देणं लागतो' हे पैशालाही म्हणतात आणि कर्तव्यालाही, मूळ ग्रीकमध्येही तसंच आहे. पण म्हणताना 'सोड' हाच शब्द राहू द्या.

आणि त्या मुलाला सांगा, ऑटोचा हप्ता बाबांना भरावाच लागेल. उसनं घेऊन परत न करणाऱ्याला स्तोत्रकर्ता सदतिसाव्या स्तोत्रात दुर्जन म्हणतो. पुढच्या रविवारी प्रत्येक मुलाला मूठ घट्ट आवळायला सांगा, मिनिटभर तशीच ठेवायला सांगा, आणि मग विचारा, हात कोणाचा दुखतोय. त्यानंतर ती ओळ म्हणा, 'सोड'पाशी मूठ उघडून.