न्यूट्रिनोचा माग

प्रश्न : न्यूट्रिनो हा अतिसूक्ष्म कण पृथ्वीतूनही आरपार जातो म्हणतात. मग तो आकाशात नेमका कुठून आला, हे कसं कळतं?

उत्तर : बहुतेक जातात हो, पण एखादा अडकतोच. त्याच्यासाठी दक्षिण ध्रुवावर ‘आइसक्यूब’ या न्यूट्रिनो वेधशाळेने घन किलोमीटरभर बर्फात ५,१६० प्रकाशसंवेदक पुरलेत. न्यूट्रिनो बर्फातल्या अणुकेंद्रकावर आदळला की कधी कधी म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद, निघतो. बर्फात प्रकाश जरा मंदावतो, म्युऑन त्याच्याही पुढे पळतो आणि मागे निळसर उजेड सोडतो. तो कोणत्या संवेदकाला आधी दिसला, कोणत्याला नंतर, हे नॅनोसेकंदांत मोजायचं. एक रेघ मिळते. ती उलटी आकाशात ताणायची. न्यूट्रिनोला विद्युतभार नसल्याने वाटेतली चुंबकीय क्षेत्रं त्याला वळवत नाहीत, म्हणून रेघ भरवशाची.

२२ सप्टेंबर २०१७ची अशी रेघ मृग नक्षत्रातल्या एका ब्लेझारकडे, म्हणजे आपल्या रोखाने कणांचा झोत सोडणाऱ्या दीर्घिकेच्या केंद्राकडे, गेली. एकाच न्यूट्रिनोवर इतका गाजावाजा मला जरा घाईचाच वाटला होता. एनजीसी १०६८ या दीर्घिकेचा दावा जास्त पटतो : सुमारे ८० न्यूट्रिनो, जवळपास दहा वर्षांच्या नोंदींतून चाळलेले. न्यूट्रिनोंबरोबर गॅमा किरणही निघायला हवेत, पण तिथून त्या तोडीचे गॅमा किरण मात्र दिसत नाहीत. दीर्घिकेच्या मध्यातल्या कृष्णविवराजवळच्या गर्दीतच ते जिरत असावेत. न्यूट्रिनो तेवढा निसटतो.